वेलस्लीसाहेबाची जुनी प्रीत

ताटातूट झालेले दोन प्रेमिक वर्षांनी पुन्हा भेटतात आणि या खेपेला सगळं जुळून येतं, ही ऐतिहासिक प्रेमकथांतली सगळ्यात लबाड गोष्ट आहे. पळवून नेलेली राजकन्या, वेषांतर केलेला सरदार, वारसाहक्कासाठी जबरदस्तीनं लावलेलं लग्न, ह्या थापा निदान उघड असतात. वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं की आपण दोन घटका करमणूक करून घेतोय. जुन्या प्रेमाची गोष्ट मात्र साळसूद चेहऱ्यानं येते. वाचक डोळे पुसतो आणि वर काहीतरी खोल वाचल्याचं समाधान मिरवतो.

साचा ठरलेला आहे. स्थळ इंग्लंड किंवा आयर्लंड, काळ नेपोलियनच्या लढायांचा. मुलगी लॉर्डाघरची, मुलगा खानदानी पण कफल्लक. मुलीचा बाप किंवा भाऊ त्याला दारातून परत पाठवतो. तो लढाईवर जातो. आठ-दहा वर्षांनी परततो तेव्हा छातीवर पदक, गालावर व्रण आणि खिशात पैसा असतो. (व्रण गालावरच. जबडा उडालेला किंवा आमांशानं खंगलेला नायक माझ्या वाचनात अजून आलेला नाही, आणि त्या काळच्या सैन्यात आमांशाची माणसं व्रणवाल्यांपेक्षा कमी नव्हती.) मुलगी अजून बिनलग्नाची. जराशी सुकलेली, पण डोळे तेच. मग एक नाच, एक पाऊस, एक गैरसमज आणि शेवटच्या पानावर चर्च. आमच्या घरात दोघीजणी ही पुस्तकं मोबाइलवर रात्री एक-एक वाजेपर्यंत वाचतात. त्यांनी टाकलेली मी उचलते, त्यामुळे ऐकीव बोलत नाही.

आता गंमत अशी की ही गोष्ट प्रत्यक्षात घडलेली आहे. अगदी साच्याबरहुकूम घडली. नायकही असा की त्याच्याहून बडा त्या काळावर लिहिणाऱ्या, म्हणजे ‘रीजन्सी’ कादंबरीवाल्यांना कुठे मिळणार नाही. आणि त्याचा खिसा ज्या मुलखात भरला, तो मुलूख आपला.

आर्थर वेलस्ली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूवाला. 1790च्या दशकाच्या सुरुवातीला हा डब्लिनच्या किल्ल्यात एडीसी म्हणून मिरवणारा, कर्जात बुडालेला, व्हायोलिन वाजवणारा धाकटा मुलगा होता. किटी पॅकेनहॅम ही वेस्टमीथमधल्या पॅकेनहॅम हॉलची लेक. वेलस्लीनं मागणी घातली. तिचा भाऊ टॉम, नुकताच लॉर्ड लाँगफर्ड झालेला, त्यानं साफ नाही म्हटलं. आपल्याकडे बैठकीत जे वाक्य आजही सुपारी कातरत बोललं जातं तेच कारण: मुलगा सेटल नाही. 1793 साल. वेलस्लीनं घरी येऊन आपली व्हायोलिनं स्वतःच्या हातानं जाळली. मुलीला पत्र लिहिलं की माझे दिवस फिरले तर माझं मन बदललेलं नसेल. आणि गेला.

इथवर कादंबरीवालीला एक अक्षर बदलावं लागणार नाही.

1797 साली तो हिंदुस्थानात उतरला. वर्षभरानं थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला आणि धाकट्याचं नशीब उघडलं. (वशिल्याचा हा भाग प्रेमकथेत कुठेच येत नाही. तिथला नायक केवळ कर्तबगारीवर वर येतो.) 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं. मग पेशवाईचा घोळ: बाजीराव दुसरा होळकरांच्या भीतीनं पळाला, 31 डिसेंबर 1802ला वसईचा तह करून इंग्रजांच्या पदराखाली गेला, आणि पुढच्याच वर्षी वेलस्ली आपल्या अंगणात आला. ऑगस्ट 1803मध्ये नगरचा भुईकोट घेतला. 23 सप्टेंबरला असई. जालना जिल्ह्यातलं हे गाव आज विचारलं तर पुण्या-मुंबईच्या शंभरात दोघांना सांगता येईल, पण वेलिंग्टनला म्हातारपणी आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी कोणती असं विचारलं तेव्हा त्यानं वॉटर्लूचं नाव न घेता ह्याच गावाचं घेतलं, असं सांगतात. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या तोफखान्यानं इंग्रजांना असं भाजून काढलं की त्यांचे दीड हजारांहून जास्त लोक ठार-जखमी झाले. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा मेला, दुसरा भाल्यानं भोसकला गेला. तरी तो जिंकला. नोव्हेंबरात आडगाव, 15 डिसेंबरला गाविलगड. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तहावर सही केली, महिनाअखेरीला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला.

गाविलगडावर त्या दिवशी किल्लेदाराच्या घरातल्या बायकामुलींचं काय झालं, हे इंग्रजांच्याच वृत्तांतांत आहे. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्यावर घरच्याच माणसांची शस्त्रं चालली. काही मेल्या, काही जखमी सापडल्या. चिखलदऱ्याला जाऊन धुक्यात सेल्फी काढणाऱ्यांनी मैलभर पुढे जाऊन तो किल्ला पाहावा. आणि ज्यांना नायकाच्या खिशातल्या पैशाचं कौतुक वाटतं त्यांनी तर जरूर पाहावा.

कारण वेलस्ली 1805 साली मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या गाठीला चाळीस हजार पौंडांच्या वर रक्कम होती. काही पगार-भत्ते, आणि बराचसा लुटीतला वाटा, ज्याला इंग्रजीत प्राइझ मनी असं सोज्ज्वळ नाव आहे. ‘हिंदुस्थानात नशीब काढून परतला’ एवढ्या तीन-चार शब्दांत प्रेमकथा जे गुंडाळते ते हे. आमच्या बाजूनं पाहिलं तर त्या शब्दांत नगर, असई, आडगाव आणि गाविलगड आहे. माझ्या घरातल्या त्या दोघी वाचक नायकाच्या पैशावर खूश होतात तेव्हा मी त्यांना विचारते, बाई, तो पैसा कुणाचा? त्या मला खडूस म्हणतात. असो.

आता मुलीकडे वळू. बारा वर्षं ती काय करत होती, हा प्रश्न ह्या प्रकारच्या कथांना पडतच नाही. त्यांच्या हिशेबी नायिका म्हणजे फडताळात झाकण लावून ठेवलेली लोणच्याची बरणी. नायक परतून झाकण उघडेल तेव्हा चव तीच लागली पाहिजे, झालीच तर अधिक मुरलेली. किटी बरणी नव्हती. तिला मधल्या काळात दुसरं माणूस भेटलं होतं. गॅलब्रेथ लौरी कोल, आयरिश सरदार घराण्यातला धाकटा मुलगा, सैन्यात अधिकारी. जुळत आलं होतं. पण किटीची मैत्रीण ऑलिव्हिया स्पॅरो, जिला आपल्याकडे लग्न जमवणाऱ्या काकू म्हणतात त्यातली, हिनं हिंदुस्थानात वेलस्लीला पत्र पाठवलं. त्यानं उत्तर धाडलं की आपलं मन तसंच आहे. ते उत्तर किटीपर्यंत पोचलं आणि तिनं कोलला नकार दिला. एका माणसाच्या मनात आपण आठ वर्षं तशाच आहोत एवढ्या बातमीवर समोरचं जिवंत माणूस सोडून दिलं. त्यानंतर तिची तब्येत ढासळली, ती खंगली, लोकांत मिसळेना.

वेलस्ली इंग्लंडला पोचल्यावर काकूंनी त्याला गाठलं आणि जबाबदारीची आठवण दिली. त्यानं डब्लिनला पत्रानंच मागणी घातली. पत्रानं! ज्या बाईला त्यानं बारा वर्षांत पाहिलं नाही, जिला मधे एक ओळ लिहिली नाही, तिला. किटी शहाणी होती. तिनं मैत्रिणीकरवी कळवलं की मी फार बदलले आहे, त्यांनी आधी मला भेटावं, मग ठरवावं. वेलस्लीनं ते मनावर घेतलं नाही. टॉम लाँगफर्डचा विरोध आता मावळला होता, हे वेगळं सांगायला नको. चाळीस हजार पौंडांनी भलेभले विरोध मावळतात.

10 एप्रिल 1806. डब्लिन. लग्न लावणारा पाद्री म्हणजे नवऱ्याचाच भाऊ जेराल्ड. नवरीला पाहून नवरदेव ह्या भावाच्या कानाशी पुटपुटला की ही तर अगदीच कुरूप झालीय, असं सांगतात. तरी लग्न केलं. थोड्याच दिवसांत तो इंग्लंडला निघून गेला आणि नवरीला मागाहून दिरानं पोचवलं.

आणि ह्याला प्रेमकथा म्हणायला सुरुवात कुणी केली? दरबारानं. राणी शार्लटपुढे किटीला नेलं तेव्हा राणीनं तिच्या एकनिष्ठेची वाखाणणी केली आणि विचारलं की इतक्या वर्षांत खरंच तुम्ही एकही पत्र लिहिलं नाही? किटी म्हणाली, नाही. मग त्यांची आठवण तरी? ती मात्र फार वेळा आली, असं तिनं सांगितलं. दरबार गहिवरला. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा माझा संताप झाला. एक पत्र नाही! बारा वर्षांत माणूस आपला आवाज बदलतो, देव बदलतो, झोपायची कूस बदलतो. ह्यातलं दोघांनाही एकमेकांचं काही माहीत नाही आणि राणी त्याला निष्ठा म्हणते. निष्ठा कुणाशी? विशीतल्या मुलीच्या स्मरणातल्या व्हायोलिनवाल्याशी, जी व्हायोलिनं त्यानं केव्हाच जाळली होती.

माझं म्हणणं इथेच आहे. परतून आलेला प्रियकर बहुतेक वेळा बाईसाठी परतलेला नसतो. तो जुना खटला जिंकायला परततो. टॉम लाँगफर्डनं दारातून घालवलं त्याच दारातून वाजतगाजत आत जायचं, एवढंच त्याला हवं असतं. बाई ही त्या खटल्यातली मालमत्ता. निकाल हाती पडला की मालमत्तेचं काय करायचं हे त्याला सुचत नाही. वेलस्लीनं पुढे 1822 साली हॅरिएट आर्बथनॉट ह्या आपल्या जिवलग मैत्रिणीजवळ हे कबूलच केलं: आपण मूर्ख होतो, त्या लोकांनी लग्न करा म्हटलं म्हणून केलं, स्वतःची ओळखच नव्हती. बाईंनी ते रोजनिशीत टिपून ठेवलं. बायकोबद्दलची ही कबुली दुसऱ्या बाईजवळ करायची, हाही त्या काळच्या थोर पुरुषांचा रिवाजच.

संसाराबद्दल थोडक्यात. दोन मुलगे झाले. 1809 ते 1814 अशी सलग पाच वर्षं तो पोर्तुगाल-स्पेनमध्ये होता, घरी फिरकला नाही. किटीची नजर अधू, स्वभाव भिडस्त. घरखर्चाचे पैसे ती अडल्यानडल्यांना देऊन टाकायची, मग दुकानदारांची देणी थकायची, ती नवऱ्यापासून लपवायची, आणि ते उघडकीला आलं की नवरा फौजेतल्या खजिनदाराला झापावं तसा तिला झापायचा. ती त्याची पूजा करायची आणि त्याला पूजेचा वीट होता.

इथे हुशार वाचक जेन ऑस्टिनचं नाव काढील. ‘पर्स्वेजन’ ही ह्या जातीची आद्य कादंबरी, 1817च्या अखेरीस, ऑस्टिनच्या मृत्यूनंतर छापलेली. तिचा बचाव करायला मी तयार आहे, पण तिच्या नातवंडांचा नाही. गोष्ट तीच: ॲन एलियटनं एकोणिसाव्या वर्षी, वडीलधाऱ्यांचं ऐकून, फाटक्या नौदल अधिकाऱ्याला नकार दिला, आठ वर्षांनी कॅप्टन वेंटवर्थ पंचवीस हजार पौंड घेऊन परततो. आणि बघा, तिथेही तो पहिल्या भेटीनंतर म्हणतो की ॲन इतकी बदललीय की मी ओळखलं नसतं! ते शब्द तिच्या कानावर घालायला तिची धाकटी बहीण मेरी आहेच, अशा बहिणी असतात. अगदी वेलस्लीचंच वाक्य, फक्त जरा सभ्य.

फरक त्याच्यापुढे आहे. वेलस्लीनं ते वाक्य उच्चारलं तेव्हा त्याचा शब्द आधीच गेलेला होता. ऑस्टिन आपल्या कॅप्टनला शब्द देऊ देत नाही. ती त्याला आधी दुसऱ्या मुलींभोवती रुंजी घालायला लावते, त्याचा ताठा पुरता उपसते. लाइमच्या धक्क्यावर लुइझा मसग्रोव्ह उडी मारून डोक्यावर पडते, सगळे पुरुष हातपाय गाळतात आणि ॲन कुणी कुठे धावायचं ते सांगते, तेव्हा त्याला ती दिसते. आत्ताची, सत्तावीस वर्षांची. जुनी नव्हे. शेवटी बाथच्या खाणावळीत तो टेबलाशी पत्र लिहीत बसलेला असताना ती दुसऱ्या माणसाशी वाद घालते की निष्ठा बायकांची जास्त की पुरुषांची, आणि तो ऐकतो. पत्र इथेही आहे, पण ते एकाच खोलीत बसून लिहिलेलं. बारा वर्षं आणि अर्धं जग मधे नाही. ऑस्टिननं पैशाचा आकडाही लपवला नाही, तो ठणकावून सांगितला. तिला माहीत होतं की पंचवीस हजार नसते तर ॲनच्या बापानं, सर वॉल्टर एलियटनं, त्याला पुन्हा दारातूनच घालवलं असतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यातला टॉम लेफ्रॉय, विशीतलं ओझरतं प्रेम, पैशापायी दूर गेला तो फिरकला नाही. पुढे आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला.

आणि जॉर्जेट हेयर, जिच्या पदराला धरून आजच्या सगळ्या रीजन्सीवाल्या चालतात, तिलाही हा साचा पोकळ असल्याचं कळलं होतं. 1955च्या तिच्या ‘बाथ टँगल’मध्ये सेरेनाचा जुना प्रियकर मेजर कर्कबी वर्षांनी परततो, दोघं आनंदानं वाङ्निश्चय करतात, आणि मग हळूहळू दोघांच्या ध्यानात येतं की आपण एकमेकांना ओळखतच नाही. आपण ज्याच्यावर प्रेम केलं तो माणूस आपणच रचला होता. मेजरला हवी होती मवाळ बायको, सेरेना वादळ. शाबास हेयर! पण धंदा आहे ना. म्हणून तिनं सेरेनाची गाठ शेवटी रॉदरहॅमशी घातली, जो तिचा आधीचा मोडलेला वाग्दत्त वर. एक जुनं प्रेम मोडून दुसरं जुनं विकलं.

आपल्याकडे हा प्रकार का रुजला नाही असं कुणी विचारतं. ज्या 1803 साली वेलस्ली असईला होता त्या साली ह्या मुलखात ब्राह्मण घरातली मुलगी आठव्या-नवव्या वर्षी उजवली जात होती. पहिलीच संधी नाही, तर दुसरी कुठून आणणार? आमच्या ऐतिहासिक प्रेमाचं सर्वांत लाडकं पुस्तक ‘स्वामी’ 1962 साली आलं. माधवराव-रमाबाईंच्या त्या प्रेमावर तीन पिढ्या रडल्या, आणि रमाबाई 1772 साली थेऊरला चितेवर चढल्या हे त्या प्रेमाचं शिखर म्हणून रडल्या. इंग्रज वाचकाला बाई ताजी ठेवून हवी, आम्हाला जाळून. निवड करा.

किटी 1831च्या एप्रिलमध्ये ॲप्सली हाउसमध्ये मेली. शेवटच्या दिवसांत वेलिंग्टन तिच्या उशाशी बसायचा. एकदा तिनं अशक्त बोटं त्याच्या बाहीत सरकवली. फार वर्षांपूर्वी त्याला दिलेला ताईत दंडाला आहे का ते चाचपायला. तो होता. नंतर तो कुणाजवळ म्हणाला की तिनं शोधला असता तर गेल्या वीस वर्षांत केव्हाही सापडला असता. चरित्रकार हा प्रसंग वेलिंग्टनच्या बाजूनं सांगतात, पाहा, आतून किती हळवा होता. मला त्या वाक्यातही खटलाच ऐकू येतो. मरत्या बायकोवरही दोष तिचाच: शोधलं नाहीस. तू दाखवलास का, हे कुणी विचारलं नाही. ती गेली त्याच आठवड्यात, तिचं शव घरातच असताना, संसदीय सुधारणा विधेयकाला विरोध करणाऱ्या ड्यूकवर चिडलेल्या जमावानं त्या घराच्या खिडक्या फोडल्या.

राहिला लौरी कोल. त्याची कुणाला आठवण नाही, म्हणून मला आहे. किटीनं नाकारलेला हा माणूस पुढे स्पेनमध्ये वेलिंग्टनच्याच हाताखाली चौथ्या डिव्हिजनचा सेनापती झाला. ज्यानं आपली बाई नेली त्याच्या हुकमावर लढला आणि चांगला लढला. 15 जून 1815ला, ज्या रात्री ब्रसेल्समध्ये डचेस ऑफ रिचमंडच्या नाचाला वेलिंग्टन हजर होता आणि नेपोलियन सरहद्द ओलांडून आला होता, त्याच दिवशी कोलनं इंग्लंडात लग्न केलं. नव्या बाईशी, जिच्याशी त्याचा जुना काही हिशेब नव्हता. लग्नामुळे तो वॉटर्लूला पोचला नाही. युरोपातली सर्वांत गाजलेली लढाई हुकली आणि पदकही हुकलं. कादंबरीवाल्या बायांनो, हे कथानक फुकट देते, घ्या. मुखपृष्ठावर ड्यूक मिळणार नाही, आणि गालावर व्रण हवाच असेल तर तो तुम्ही तुमच्या जबाबदारीवर काढा.